मामांच्या फोटोंमागची मराठी अक्षरं: शिकागोचा ब्लूज, १८७ रोल (वाचायला मदत हवी आहे)

रेवाकाठ | १२ एप्रिल, रात्री १०:०५

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे. आज पहिलाच धागा काढते आहे, तोही मदत मागायला.

माझे मामा गेल्या वर्षी मार्चमध्ये गेले. मामी आता नेपरव्हिलचं घर विकून मुलाकडे राहायला जाणार आहेत, त्यामुळे तळघर आवरायचं काम माझ्याकडे आलं. वॉटर हीटरच्या मागे नऊ खोकी निघाली. वरच्या दोनमध्ये इंजिनिअरिंगची पुस्तकं होती, म्हणून इतकी वर्षं खालच्या सातांना कोणी हात लावला नव्हता. त्या सातांत शिकागोचा ब्लूज आहे, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांचं गाणं-बजावणं, फोटोंत टिपलेलं.

मामा गिरगावातले, व्हीजेटीआयचे. १९७१ मध्ये एम.एस. करायला इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आले. हे कॉलेज शहराच्या दक्षिण भागात, ३३व्या रस्त्याच्या आसपास. तिथून ट्रेनने दोन-तीन स्टेशनं पुढे गेलं की ४३वा आणि ४७वा रस्ता, म्हणजे ब्लूजचं माहेरघर. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांवरून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं रेल्वेने उत्तरेला आली आणि याच वस्त्यांत राहिली. गावाकडचं लाकडी गिटारवरचं गाणं इथल्या गोंगाटात ऐकू येईना, म्हणून त्यांनी गिटारला वीज जोडली. ब्लूजचे मोठे गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये असेच आले होते. ४३व्या रस्त्याजवळ, लेक पार्क अव्हेन्यूवर त्यांचं घर होतं.

मामांनी सेकंडहँड पेंटॅक्स कॅमेरा घेतला आणि १९७१ ते मे १९८३ या काळात १८७ रोल काढले. जवळपास सगळे कृष्णधवल. शिवाय काड्यापेट्या, कार्यक्रमांची हँडबिलं, ४५ फेऱ्यांच्या गाण्याच्या तबकड्या, 'लिव्हिंग ब्लूज' मासिकाचे अगदी सुरुवातीपासूनचे अंक, एका बारचा कागदी रुमाल आणि त्यावर पेन्सिलने काढलेलं स्टेजचं चित्र. आम्हा भाचरांना मामा म्हणजे गणपतीच्या आरतीला पेटी धरणारे, नाट्यगीतं गुणगुणणारे. यातलं काही ते बोलले नव्हते. मामींना माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "लग्नाआधीचं त्यांचं घर होतं ते."

आता अडचण. जवळपास प्रत्येक काँटॅक्ट शीटच्या (एका रोलचे सगळे फोटो छोट्या आकारात छापलेला कागद) मागे मामांनी मराठीत टिपणं केली आहेत, पण सगळी संक्षेपात. नमुने देते:

"ते. सोम. ज्यु.वे. दार १. गं.आं. दि."
"चौ. ४३ रस्ता. १२ घ. संथ. वायर लांब. द्या."
"म.बा. रवि. आंधळा बाबा, लोखंडी गि. दि."
"फ्लॉ. रवि. दुपार. हा.डॉ. ६ बोटं! दि."

सुरुवातीला मला "ते." हे सर्वनाम वाटलं. "दि." म्हणजे दिनांक, एवढं एकच लागलंय असं वाटतं. इथे शिकागोत ही अक्षरं वाचणारं दुसरं कोण भेटणार? म्हणून तुमच्याकडे आले.

माटुंगेकर | १३ एप्रिल, सकाळी ७:२०

रेवाकाठ, वाचून रात्रभर झोप नाही. मी त्याच कॉलेजात १९७४ ते ७६ होतो. तुमच्या मामांना बहुधा ओळखतही असेन, पण इथे नाव विचारत नाही.

"ते." म्हणजे तेरेसाज लाउंज. ४८वा रस्ता आणि इंडियाना अव्हेन्यूचा कोपरा, इमारतीच्या तळघरात. चार पायऱ्या खाली उतरायचं, छत हाताला लागेल इतकं खाली. तेरेसा नीडहॅम नावाच्या बाई १९४९ पासून ते चालवत होत्या. "ज्यु.वे." म्हणजे ज्युनिअर वेल्स, माउथ ऑर्गन आणि गाणं. ते त्यांचं घरचंच ठिकाण. "दार १" म्हणजे दारावर एक डॉलर.

"चौ." म्हणजे चेकरबोर्ड लाउंज, ४२३ ईस्ट ४३वा रस्ता. ब्लूजचे गिटारवादक बडी गाय आणि एल. सी. थर्मन यांनी १९७२ मध्ये काढलं. मामांनी चेकरबोर्डचं चौकट की चौकडा केलेलं दिसतं. "म.बा." मॅक्सवेल स्ट्रीटचा रविवारचा बाजार. पुण्याचा जुना बाजार डोळ्यांसमोर आणा आणि तो दसपट करा. गाणारे शेजारच्या दुकानातून वायर ओढून अँप्लिफायर लावायचे. लोखंडी गिटारवाले अंध गृहस्थ म्हणजे बहुतेक आर्वेला ग्रे. चित्र पाहिल्याशिवाय खात्री देत नाही, तिथे आणखीही अंध गायक बसायचे.

आणि "हा.डॉ." म्हणजे हाउंड डॉग टेलर! जन्मतः हातांना सहा-सहा बोटं. रविवारी दुपारी फ्लॉरेन्सेस लाउंजमध्ये वाजवायचे. त्यांची रेकॉर्ड काढायचीच म्हणून ब्रूस इग्लॉर या तरुणाने १९७१ मध्ये अ‍ॅलिगेटर ही कंपनी सुरू केली. त्या फोटोत दोन गिटार आणि एक ड्रम आहे का पाहा. त्यांच्या चमूत बास, म्हणजे खर्जाची गिटार, नव्हतीच. ते डिसेंबर १९७५ मध्ये वारले, म्हणजे तो रोल त्याच्या आधीचा.

रेवाकाठ | १३ एप्रिल, रात्री ८:४८

माटुंगेकर काका, आत्ता भिंग घेऊन पाहिलं. दोन गिटार, एक ड्रम, बास नाही. डाव्या हाताची बोटं मोजली. सहा आहेत.

अंधारखोली | १३ एप्रिल, रात्री ११:३०

नाशिकमध्ये तीस वर्षं डार्करूममध्ये काढली, त्या हक्काने थोडं सांगतो.

पहिलं म्हणजे वास घ्या. खोकं उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया कुजायला लागला आहे. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, फक्त थंडीत मंदावतं, आणि शेजारच्या धडधाकट रोललाही लागतं. तसे रोल आजच वेगळे करा आणि त्यांचं स्कॅनिंग आधी.

निगेटिव्ह कशात आहेत? पीव्हीसीच्या मऊ पिशव्या चिकटतात आणि वायू सोडतात. पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टरच्या घ्या. हातात सुती मोजे घाला. पट्ट्या कापू नका, उलगडायला ओढू नका.

अल्बम जर त्या काळचे चिकट पानांचे असतील तर फोटो उपसू नका. आधी अख्ख्या पानाचा फोटो काढा, मग मेण नसलेला दात साफ करायचा दोरा कोपऱ्यातून हळूहळू आत सरकवत न्या. नाहीच निघाला तर तसाच राहू द्या.

रंगीत स्लाइड काही असतील तर त्यांच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना-साल छापलेलं असेल. कोडॅककडे धुवायला गेलेल्या स्लाइडवर ते असायचं. आधार म्हणून फार उपयोगी.

आणि ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म अशा अंधाऱ्या बारमध्ये तिच्या ४०० या ठरलेल्या वेगावर चालत नाही. मामांनी ती १६०० ला ताणली असणार, म्हणजे कमी प्रकाशात फोटो काढून फिल्म जास्त वेळ धुतली असणार. फोटोतला रवा, म्हणजे दाणा, मोठा दिसेल. स्कॅन करताना तो गुळगुळीत करायचं बटण दाबू नका, ती त्या खोलीची हवा आहे.

रेवाकाठ | १४ एप्रिल, रात्री ९:१५

धन्यवाद. वास घेतला. एका खोक्यात आहे, अकरा रोल. ते गराजमध्ये हलवले, इथे अजून थंडी आहे.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगून टाकते. महिन्यापूर्वी दोन रोल जवळच्या एका दुकानात स्कॅनिंगला दिले होते. परत आले ते दुसऱ्याच पाकिटात, क्रमांकांची सरमिसळ होऊन. कुठलं टिपण कुठल्या रोलचं हे जुळवायला तीन संध्याकाळी गेल्या. आता बाहेर काही देणार नाही.

गंधार_सारंग | १५ एप्रिल, सकाळी ६:५०

"गं.आं." मला लागलं असं वाटतं, आणि लागल्यावर अंगावर काटा आला. गंधार आंदोलित, म्हणजे झुलणारा 'ग'.

मामा पेटी वाजवायचे म्हणालात ना? ब्लूजमधला गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध या दोहोंच्या मधे कुठेतरी लागतो, आणि एका जागी उभा राहत नाही. खालून वर सरकतो, हेलकावे खातो. दरबारी रागातला गंधार ज्याने मन लावून ऐकला आहे, त्याला ही जागा लगेच कळेल. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. दरबारीतलं आंदोलन संथ आणि कोमलाच्या खालच्या अंगाने असतं, इथे स्वर शुद्धाकडे ओढ घेतो. पण गिरगावातला पोरगा पहिल्यांदा त्या तळघरात उतरला तेव्हा त्याला ओळखीचं काय सापडलं असेल, ते या दोन अक्षरांत आहे.

गिटारवर तार ओढून हा स्वर काढतात. माउथ ऑर्गनवर श्वास आत ओढताना जीभ-घसा बदलून स्वर खाली वाकवतात, आणि त्यासाठी मुद्दाम गाण्याच्या पट्टीपेक्षा वेगळ्या पट्टीचा माउथ ऑर्गन घेतात. पियानोवर स्वर वाकत नाही, म्हणून वाजवणारे दोन्ही गंधार एकदम दाबतात. हार्मोनियमवाल्याची अडचण तीच. मामांना हे जाणवलं असणारच. कुठे पियानोच्या फोटोमागे काही लिहिलंय का, पाहा.

"१२ घ." म्हणजे बारा घरं. चार-चार मात्रांची बारा घरं, तीन ओळी. पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसरीत तिचं उत्तर. प्रत्येक ओळ घर संपायच्या आधीच थांबते आणि उरलेली जागा वाद्य भरतं. शाहिराच्या मागे झीलकरी "जी जी रं" म्हणत उभे असतात, तसं गिटार मागे उभं असतं.

रेवाकाठ | १५ एप्रिल, रात्री १०:२०

गंधार_सारंग, पियानोचा एक फोटो आहे. मागे लिहिलंय: "पा.प. दोन्ही गं. एकदम! पेटीवर करून पाहणे."

मामींना वाचून दाखवलं. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने येऊन म्हणाल्या, "रविवारी सकाळी पेटीवर काहीतरी बेसूर वाजवायचे. मी ओरडायचे."

माटुंगेकर | १६ एप्रिल, सकाळी ७:०५

"पा.प." पाईनटॉप पर्किन्स, मडी वॉटर्सच्या चमूतले पियानोवादक. १९६९ पासून १९८० पर्यंत ते मडींबरोबर होते. त्या फोटोत उजवीकडे गोरा तरुण गिटारवाला दिसतो का? तो बॉब मार्गोलिन असेल तर १९७३ नंतरचा फोटो. माउथ ऑर्गनवर गोरा जेरी पोर्टनॉय असेल तर १९७४ नंतरचा. १९८० मध्ये हा सगळा ताफा एकदम बाहेर पडला. अशी माणसं मोजत गेलं की साल सापडतं.

वेताळटेकडी | १६ एप्रिल, दुपारी १:१०

विषय नवा आहे माझ्यासाठी, छान वाटलं. पण एक व्यवहाराचं विचारतो. अशा फोटोंना आणि जुन्या पोस्टरना लिलावात चांगली किंमत येते ना? मामींना या वयात घर बदलायचंय. निवडक विकून बाकी ठेवलं तर वाईट काय?

रेवाकाठ | १६ एप्रिल, रात्री ९:००

वाईट काहीच नाही, आणि हा विचार आमच्या घरातही झाला. मामींचं म्हणणं, पैशांची गरज नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. लिलावात मडी वॉटर्स आणि बडी गाय विकले जातील. पण मामांनी निम्म्याहून जास्त फिल्म त्यांच्यावर खर्चच केलेली नाही. रविवारी चर्चच्या टोपीत आलेली म्हातारी, ग्लास उचलणारी वेट्रेस, भिंतीला टेकून झोपलेला ड्रमवाला, बारच्या टोकाला बसलेलं एक जोडपं (ते जोडपं सहा वर्षांत चौदा रोलमध्ये आहे!). हे कोण विकत घेणार? आणि घेतलं तरी चौदा फोटो चौदा घरांत गेले की ते जोडपं संपलं.

कपाटकिल्ली | १६ एप्रिल, रात्री ११:५५

रेवाकाठ, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभिलेखांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संग्रहाची किंमत त्याच्या क्रमात असते. रोल, काँटॅक्ट शीट, मागचं टिपण, त्या रात्रीची काड्यापेटी हे सगळं एकमेकांचा पुरावा आहे. म्हणून देणगी द्यायची तर अखंड द्या. तुमच्याच शहरात हॅरल्ड वॉशिंग्टन लायब्ररीत शिकागो ब्लूज आर्काइव्ह्ज आहे. शिकागो हिस्टरी म्युझियमकडे रेबर्न फ्लर्लेज यांचे ब्लूजचे फोटो आहेत. तेही पूर्णवेळ छायाचित्रकार नव्हते, रेकॉर्ड वितरणाच्या धंद्यातले होते. मिसिसिपी विद्यापीठातही ब्लूजचा मोठा अभिलेख आहे, 'लिव्हिंग ब्लूज' मासिक १९८३ पासून तिथूनच निघतं. माझं मत विचाराल तर हे फोटो शिकागोबाहेर जाऊ नयेत. ज्यांचे चेहरे आहेत त्यांची नातवंडं बसने जाऊन पाहू शकतील अशा जागी असावेत.

देण्याआधी दानपत्र नीट वाचा. वस्तू देणं आणि हक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी. फोटोंचा कॉपीराइट काढणाऱ्याचा, तो गेल्यावर वारसांचा, मृत्यूनंतर ७० वर्षं. म्हणजे आज तो मामी आणि मुलांकडे आहे (मामांनी मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलं नसेल तर). ते हक्क स्वतःकडे ठेवून वस्तू देऊ शकतात. व्यक्तींच्या चेहऱ्यांचा व्यापारी वापर हा आणखी निराळा प्रश्न, त्यासाठी इलिनॉयमध्ये स्वतंत्र कायदा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: टिपणांचं लिप्यंतर आणि भाषांतर दोन्ही जोडा. मूळ मराठी ओळ, मग संक्षेप उलगडून, मग इंग्रजी. नाहीतर उद्या तिथल्या कर्मचाऱ्याला तो मजकूर म्हणजे नक्षी वाटेल. हे काम तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही.

निळावंती | १७ एप्रिल, सकाळी ९:३०

मी २०११ मध्ये वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला होते. बडी गाय वाजवत वाजवत स्टेजवरून उतरून आमच्यात आले. हात लावता येईल इतके जवळ. तेव्हा वाटलं होतं, मोठ्या मैदानांवर वाजवणारा माणूस इतका सहज लोकांत कसा मिसळतो. "वायर लांब" वाचून आठवलं. त्या फोटोत कोण आहे?

रेवाकाठ | १७ एप्रिल, रात्री ८:३५

निळावंती, बडी गायच आहेत. चेकरबोर्डच्या दारापाशी, पाठमोरे, गिटारची वायर टेबलांच्या पायांमधून मागे स्टेजपर्यंत गेलेली. दारातून रस्त्यावरचा दिवा दिसतोय आणि बाहेर एक लहान मुलगा उभा राहून आत बघतोय.

माटुंगेकर | १७ एप्रिल, रात्री ११:१०

त्यांची ती जुनीच रीत. वायर जितकी लांब तितके ते लोकांत जाणार. चेकरबोर्डमध्ये तर जागाच इतकी कमी की स्टेजवर राहून चालायचंच नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे लोक तिथे मडींना ऐकायला आले आणि त्यांच्याबरोबर वाजवलं, तेव्हा मी नोकरीसाठी ह्यूस्टनला होतो. आजही हळहळ वाटते. ती जागा २००३ मध्ये बंद झाली. तेरेसाज तर ४८व्या रस्त्यावरून १९८३ मध्येच उठलं. मॅक्सवेलचा बाजार १९९४ मध्ये तिथून हलवला, त्या जागेवर विद्यापीठाचा विस्तार झाला. मी चार वर्षांपूर्वी नातीला घेऊन गेलो होतो. दाखवायला काही नव्हतं, नुसता हात करत होतो, "इथे, इथे."

मामांचा शेवटचा रोल मे ८३चा म्हणालात. मडी ३० एप्रिल १९८३ला गेले.

रेवाकाठ | १८ एप्रिल, पहाटे १२:४०

काका, शेवटच्या रोलमध्ये माणूसच नाही. लेक पार्क अव्हेन्यूवरच्या एका घराच्या पायऱ्या आहेत, छत्तीस वेळा. मागे काही लिहिलेलं नाही.

सांजवात | १८ एप्रिल, दुपारी ४:१५

मला ब्लूजमधलं काही कळत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतेय. एक शंका. "दि." म्हणजे दिनांक असेल तर त्यापुढे तारीख का नाही? चारपैकी तीन नमुन्यांत "दि." शेवटी आहे. आणि एका ठिकाणी त्याच जागी "द्या." आहे. माझे वडील किराणा दुकानाच्या वहीत असंच लिहायचे. माल पोचला की "दि.", राहिला की "द्या." दिला, द्यायचा.

कपाटकिल्ली | १८ एप्रिल, सायंकाळी ६:०२

सांजवात! बरोबर आहे हो.

रेवाकाठ | १९ एप्रिल, रात्री १०:५०

सांजवात, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आज मामींकडे गेले होते. नुसतं "दि. म्हणजे दिला का?" असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मग काय तर. कॉलेजच्या डार्करूममध्ये मोठी प्रिंट काढायचे आणि पुढच्या सोमवारी नेऊन द्यायचे. ज्याचा फोटो त्याला. एकदा गाडी बंद पडली तर बर्फातून चालत गेलेले." पैसे घेत नसत. एका वेट्रेसने बदल्यात कागदी रुमालावर स्टेजचं चित्र काढून दिलं होतं, तो हाच रुमाल.

म्हणजे यातले कितीतरी फोटो आधीच त्या घरांत आहेत. भिंतींवर, ट्रंकांत, कुणाच्या तरी अल्बमात, मागे मराठीत काहीतरी लिहिलेले.

सगळ्या शीट पुन्हा तपासल्या. "दि." १४५ ठिकाणी. "द्या." ४१ ठिकाणी. त्या ४१ मध्ये बारच्या टोकाचं ते जोडपंही आहे, चौदापैकी शेवटच्या रोलवर. आधीच्या तेरांवर "दि." आहे.

कपाटकिल्ली, लायब्ररीला काल मेल पाठवली, दानपत्राचा नमुना मागितला आहे. देणं अखंडच होईल. पण त्याआधी ही ४१ प्रिंट काढायची असं मी आणि मामींनी ठरवलंय. जूनमध्ये मिलेनियम पार्कमध्ये ब्लूज फेस्टिव्हल असतो, दक्षिण भागातली जुनी मंडळी तिथे येतात. मामी म्हणाल्या, मी खुर्ची टाकून बसते, तू अल्बम दाखवत फिर. शिवाय ४३व्या आणि ४७व्या रस्त्यावरच्या चर्चमध्येही जाणार आहोत. चर्चच्या टोप्या घातलेल्या बायका कुठल्या तरी चर्चच्याच असणार.

माटुंगेकर काका, जूनमध्ये तुम्ही येऊ शकाल का? चेहरे ओळखणारं कोणीतरी बरोबर हवं. राहायची सोय आमच्याकडे.

माटुंगेकर | २० एप्रिल, सकाळी ६:१५

तिकीट काढलं. गुरुवारी दुपारी पोचतो.

रेवाकाठ | २० एप्रिल, रात्री ९:२५

अंधारखोली, इथल्या कम्युनिटी कॉलेजची डार्करूम शनिवारी वापरायला मिळणार आहे. मामांची जुनी प्रिंट फायबर कागदावर आहेत, आठ बाय दहा. मलाही तसाच कागद घ्यायचाय. मॅट घेऊ की ग्लॉसी? आणि मागे पेन्सिलने लिहिलं तर चालेल ना? मामांसारखंच लिहायचं आहे, मराठीत. खाली "दि."